वगळलेले भाषण

लंडन, ४ मार्च १६९२

लेटिस,

तुला एकेरी लिहिते आहे, राग मानू नकोस. तू सहा वर्षांची असताना तुझ्या केसांतल्या उवा मी काढल्या आहेत. ब्रिस्टलच्या साबणवाल्याच्या बायकोला कसे लिहायचे असते ते मला ठाऊक नाही. टपालाने पाठवले असते तर पैसे तुला पडले असते आणि तू ते दारातूनच परत केले असतेस. म्हणून हॉब्ज गाडीवाल्याच्या हाती, पैसे आधी देऊन पाठवते आहे. निदान घेऊन ठेव.

तुझ्या आईची चारही नाटके एका पुस्तकात निघणार आहेत. टेंच नावाचा पुस्तकवाला छापतो आहे. पहिल्या पानावर तिचे नाव पूर्ण येईल, अ‍ॅव्हरिल स्टॅनवे. तिच्या हयातीत दोनच नाटके छापली गेली. एकावर 'एका स्त्रीकडून' एवढेच होते आणि दुसऱ्यावर तेही नव्हते. टेंचला पुस्तकाच्या सुरुवातीला तिच्या आयुष्याचे एक पान हवे आहे. मला म्हणाला, "येलंडबाई, जन्म, लग्न, मरण आणि एखादा किस्सा. किस्सा मात्र घरात मोठ्याने वाचता येईल असा बघा." मी म्हटले, "मग पान कोरंच राहील हो." हसला.

मला माहीत आहे ते लिहिते, चुकले तर सांग. वूस्टरच्या हातमोजेवाल्याची मुलगी. जहाजावरच्या डॉक्टरशी लग्न. तू पोटात असताना तो समुद्रावर तापाने गेला. १६७३ च्या उन्हाळ्यात ती तुला घेऊन आमच्या माडीवर भाड्याने राहायला आली. माझे यजमान नाटकघरात प्रॉम्प्टर होते, तेही तिला वर राहायला लागल्यावरच कळले. आधी ती लोकांची पत्रे लिहून द्यायची. मोलकरणी, खलाशांच्या बायका यायच्या, आणि ती प्रत्येकीच्या तोंडचे असे लिहायची की ऐकणारी रडायची. माझे यजमान जिन्यात उभे राहून ऐकायचे. एक दिवस म्हणाले, "बाई, तुम्ही हे फुकट घालवताय." त्यातून 'खोटा वाग्दत्त' झाले.

त्या नाटकाच्या सुरुवातीला एका नटीने पुढे येऊन सांगितले की हे एका बाईने लिहिले आहे, सांभाळून घ्या. पुढच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. एक जण ओरडला, "मग शिवण पण दाखव!" तुझी आई विंगेत माझ्याशेजारी होती. म्हणाली, "बरं झालं थॉमसिन, ओरडलाय म्हणजे बसणार." आणि खरेच तो शेवटपर्यंत बसला. नंतर 'दोन घरची विधवा' आले, मग 'आंधळी गल्ली', आणि शेवटी 'अँटवर्पची आई'.

हे शेवटचे कधी छापले गेले नाही. नाटकाचे पूर्ण पुस्तक एकच असते, ते प्रॉम्प्टरकडे राहते. माझे यजमान वारल्यावर नव्या माणसाने जुनी पुस्तके रद्दीत भटाऱ्याला विकली, त्याला भट्टीत खाली घालायला कागद लागतो. मी पोचले तोवर तुझ्या आईचे नाटक केकांच्या बुडाशी जळून गेले होते. पण नटांच्या नकला उरतात. प्रत्येकाला फक्त त्याची वाक्ये लिहून देतात, लांब पट्टीवर, गुंडाळी करून. आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे तीनचार शब्द, म्हणजे आपली पाळी कळावी. त्या सगळ्या नकला मीच करायचे. तेव्हा मी जुन्या नटांच्या घरी जाऊन त्या गोळा केल्या आणि शब्दाला शब्द लावत नाटक पुन्हा उभे केले. पाचव्या अंकात एका ठिकाणी थोडी जागा तुटली आहे. तिचे काही विशेष नाही.

माझे मागणे दोन. तू जिच्याकडे वाढलीस त्या आत्याच्या बायबलात तुझ्या आईचे जन्मवर्ष लिहिलेले असेल तर कळव. आणि तिचे काही कागद तुझ्याकडे असतील तर नकलून पाठव.

हे शेवटचे नाटक लागले त्या वर्षी, १६८४ साली, तू तिला एकच ओळ लिहिली होतीस, मला का सोडलेस म्हणून. तिने उत्तर पाठवले की पहिल्या प्रयोगाला ये, पाचव्या अंकात सांगते. तू आली नाहीस. मी दोष देत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला ब्रिस्टलहून एकटीने येणे सोपे नाही.

थॉमसिन येलंड

लंडन, २ एप्रिल १६९२

लेटिस,

तुझे पत्र तीन ओळींचे, आणि मी ते आठवडाभर खिशात घेऊन फिरले. 'मी आले होते. वरच्या सज्ज्यात, तोंडावर काळा मुखवटा लावून बसले होते. आई काही बोलली नाही, ते माझे उत्तर मी घेऊन गेले.'

सात वर्षे मी समजत होते की तू आली नव्हतीस. त्याच्या आधारावर मी जेवत होते, झोपत होते. आता सांगते. मागच्या पत्रात 'थोडी जागा तुटली आहे' लिहिले, ती जागा तुटलेली नाही. ती मी तोडली.

तू पाहिलेस ते आठवत असेल. अँटवर्पच्या घरात आई उभी. मुलगी इतक्या वर्षांनी आली, तिने विचारले, का सोडलेस. आणि आई गप्प. मुलगीही गप्प. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, कितीतरी वेळ, पुढच्या बाकांवरच्या संत्री सोलणाऱ्यांचेही हात थांबले. मग मुलगी वळली आणि गेली. टाळ्यांनी छप्पर हलले. लोक म्हणाले, काय लिहिले आहे, एक शब्द नाही आणि सगळे सांगितले.

असे लिहिलेले नव्हते. आईला तिथे भाषण होते. दीड पान होते. नकला करताना मी आधी मुलीची नक्कल लिहून डॉर्कस पिमच्या घरी पाठवून दिली, ती मुलीचे काम करत होती. मग दोन दिवसांनी आईची नक्कल लिहायला घेतली आणि ते भाषण तिच्यात लिहिलेच नाही. प्रॉम्प्टरच्या पुस्तकातही समासात उभी रेघ ओढली. अशी रेघ म्हणजे हे वगळले. यजमानांना वाटले, लेखिकेनेच काढले. तुझी आई तापाने अंथरुणावर होती, तालमीला येत नव्हती. पाचव्या अंकाची तालीम एकदाच झाली आणि त्या दिवशी डॉर्कसचा घसा बसला होता, तिच्या जागी यजमानांनीच वाक्ये वाचली.

डॉर्कसच्या नकलेत भाषणाचे शेवटचे शब्द तसेच राहिले होते, हे माझ्या लक्षात आले नाही. ती त्या शब्दांची वाट बघत उभी होती. आईचे काम करणाऱ्या क्विलनबाईंच्या नकलेत बोलायला पुढे काही नव्हते, त्या डॉर्कस कधी जाते याची वाट बघत उभ्या होत्या. तू जी शांतता पाहिलीस ती एवढीच होती. दोन बायका एकमेकींची वाट बघत होत्या.

विंगेत आल्यावर डॉर्कस माझ्यावर ओरडली, "अगं मेले, माझे शब्द कुठे गेले? मी काय तिथे म्हातारी होऊ?" आणि बाहेर टाळ्या चालूच. नाटकघराचा मालक धावत आला. म्हणाला, "रोज असंच करा. कोणी तोंड उघडलं तर दंड."

तू विचारशील, मी असे का केले. भाषण लांब होते. प्रेक्षक शेवटी शेवटी चुळबुळतात. शिवाय तुझ्या आईवर आधीच चावट पदे छापून विकली जात होती, त्यांत आणखी भर नको असे मला वाटले. तिच्या भल्यासाठीच केले.

थॉमसिन येलंड

लंडन, २३ एप्रिल १६९२

लेटिस,

तू लिहिलेस, 'भल्याचे राहू द्या. भाषण लिहून पाठवा.' दुसरे काहीच लिहिले नाहीस. तुझी आई अशीच लिहायची.

मला ते येत नाही. येत नाही म्हणजे काय ते तुला सांगायला हवे, आणि त्याबरोबर मागच्या पत्रातले शेवटचे तीन शब्दही परत घ्यायला हवेत.

मी वाचायला तिशीनंतर शिकले, भिंतीवरच्या नाटकांच्या जाहिरातींवरून. यजमानांचे डोळे अधू झाले तेव्हा नकला करायला बसले. आधी मी अक्षरे नुसती काढायचे, फुले काढतात तशी. अर्थ हळूहळू आला. म्हणून माझी सवय अशी पडली की लिहीत जाईन तेवढेच वाचायचे. पुढे बघायचे नाही, नाहीतर ओळ चुकते. आणि जे एकदा लिहिले ते मी विसरत नाही. 'खोटा वाग्दत्त' अजून पूर्ण म्हणून दाखवीन. तुझ्या आईने लिहिलेले सगळे माझ्या हातात आहे. फक्त हे एक नाही, कारण हे मी पुरते लिहिले नाही.

भाषणाच्या पहिल्या सहा ओळी मी लिहिल्या होत्या, त्यांत नुसती मुलीच्या प्रवासाची विचारपूस होती. मग ही ओळ आली: 'या शहरात मी अकरा वर्षे काढली, आणि माझे म्हणावे असे एकही माणूस मला मिळाले नाही.'

माझी लेखणी तिथे थांबली.

ती अकरा वर्षे ती माझ्या माडीवर होती, लेटिस. तिला लापशी मी द्यायचे. तिच्या खोकल्याला मध मी आणायचे. पद विकणारा पोरगा दारात आला की झाडू घेऊन मी उतरायचे. रोज संध्याकाळी ती लिहिलेले मला आधी वाचून दाखवायची आणि विचारायची, "थॉमसिन, हसू आलं का? खरं सांग, नाहीतर उद्यापासून लापशी खाणार नाही." मला मूल नाही. मला वाटत होते, मी तिची कोणीतरी आहे. बहीण म्हणायचे धाडस मी करत नाही, पण कोणीतरी.

मला कळायला हवे होते की ते अँटवर्पच्या बाईचे वाक्य आहे. अँटवर्पच्या बाईच्या घरी खाली थॉमसिन राहत नव्हती. पण तेव्हा मला एवढेच दिसले की सगळ्या लंडनसमोर, भरल्या नाटकघरात, हे वाक्य म्हटले जाणार आहे आणि मी विंगेत उभी राहून ते ऐकणार आहे. लिहिलेल्या सहा ओळी मी चाकूने खरवडून काढल्या. पुस्तकात रेघ ओढली. पुढचे वाचले नाही. त्या वाक्याला लागून 'एक सोडून' असे काही होते की काय, तेही मी वाचले नाही. असेल. नसेलही.

तिसऱ्या प्रयोगाला तुझी आई आली. तिसऱ्या दिवसाचे उत्पन्न लेखकाचे असते म्हणून नाही, मधल्या दोन दिवसांत तुझे पत्र आले नव्हते म्हणून. डोलीतून आणावी लागली, पायांवर घोंगडी. पाचवा अंक झाला, टाळ्या झाल्या, ती हलली नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "कोणी काढलं?"

मी म्हणाले, "क्विलनबाई. त्यांना लांब वाटलं."

"आणि तुझ्या यजमानांनी काढू दिलं?"

"नाटकघराच्या मालकाचा हुकूम झाला."

ती म्हणाली, "लेटिस आली असेल तर?"

"ती आली नाही बाई," मी म्हणाले. "आली असती तर घरी आली नसती का?"

तिला ते पटले असावे, किंवा पटवून घ्यायचे असावे. तिने कच्च्या मसुद्याची ती पाने माझ्यादेखत शेगडीत घातली. म्हणाली, "जिच्यासाठी होतं तीच आली नाही, तर राहू दे शांतता. लोकांना आवडलीय." क्विलनबाईंशी ती पुन्हा बोलली नाही. त्या बाई तिच्या अंत्ययात्रेला आल्या आणि दाराबाहेर उभ्या राहिल्या, आपले काय चुकले ते त्यांना कधीच कळले नाही. फेब्रुवारीत तुझी आई गेली.

तुला का सोडले, याबद्दल तिने काय लिहिले होते ते मला सांगता येणार नाही. मी डोळ्यांनी काय पाहिले ते सांगते. तू सात वर्षांची होत होतीस. गल्लीतल्या पोरांनी तिच्यावरचे एक पद तुला शिकवले. तू नाचत घरी आलीस आणि टाळ्या वाजवत ते आईला म्हणून दाखवलेस. त्यातला घाणेरडा शब्द तू सगळ्यांत मोठ्याने म्हणालीस, कारण त्यावर ताल येत होता. तिने ते शेवटपर्यंत ऐकले. म्हणाली, "छान म्हटलंस." मग तू खाली माझ्याकडे खेळायला आलीस आणि तिने तुझ्या आत्याला, हिला घेऊन जा म्हणून, पत्र लिहिले. एक कडवे ऐकायला लागते तेवढ्या वेळात तिने ते ठरवले होते. तुझ्या आत्याने तुला वेगळे सांगितले असेल.

थॉमसिन

लंडन, १४ मे १६९२

लेटिस,

तू उत्तर दिले नाहीस. हॉब्ज म्हणतो, पत्र तू स्वतः घेतलेस, हाताला साबण होता, पुसून घेतलेस. तेवढे मला पुरे आहे.

टेंचला मी सगळे सांगितले. लपवून किती लपवू. त्याला आधी कळेच ना. "म्हणजे लंडनला सात वर्षं गाजलेली ती शांतता तुम्ही लिहिलीत?"

"मी काही लिहिलं नाही. तोच तर गुन्हा आहे."

तो खुर्ची पुढे ओढून बसला. म्हणाला, "हे बघा बाई. तिची भाषा तुमच्याइतकी कोणाला येते? बसा आणि दीड पान लिहा. मी छापतो, 'प्रथमच पूर्ण स्वरूपात' म्हणून. कोण विचारायला येणार आहे? मेलेली माणसं दुकानात येत नाहीत."

"देव विचारील."

"देव आमच्याकडे फक्त प्रार्थनेची पुस्तकं घेतो," तो म्हणाला.

मी त्याला हसले आणि घरी आले. आणि मग बसून लिहिले, हे तुला सांगायलाच हवे. टेंचसाठी नाही, तुझ्यासाठी लिहिते आहे असे मी मनाला सांगितले. मुलगी तिकडे वाट बघते आहे, तिला आईचे चार शब्द मिळाले तर कोणाचे काय बिघडते. मला तिची वळणे माहीत आहेत. ती वाक्य कुठे तोडायची, कुठे थट्टा करून रडू आवरायची. दोन दिवसांत दीड पान झाले. चांगले झाले होते, लेटिस. वाईट झाले असते तर बरे होते. मी ते तुझ्यासाठी पत्रात घडी घालून ठेवलेसुद्धा.

लाख लावण्याआधी एकदा मोठ्याने वाचले, तिच्यासारखे. त्या वाक्यापाशी आले. मी लिहिले होते: 'माझे म्हणावे असे एकही माणूस मला मिळाले नाही, खालच्या मजल्यावरची एक मैत्रीण सोडली तर.'

हे मी कधी लिहिले ते मला कळलेही नव्हते. अँटवर्पच्या घराला मी खालचा मजला बांधला आणि स्वतः त्यात राहायला गेले.

ते पान फाडले. आता मी ते कोणालाही म्हणून दाखवणार नाही, आणि दुर्दैव हे की तेही मी लिहिल्यामुळे विसरणार नाही.

तो फाडलेला कागद हातात असताना मला डॉर्कसची आठवण झाली. पहिल्या हंगामानंतर ती डब्लिनच्या नाटकघरात गेली होती. तिच्या जागी दुसरी मुलगी आली तेव्हा मी तिच्यासाठी नवी नक्कल लिहिली, त्यात शब्द आधीच काढून टाकलेले होते. नाटक जुळवताना मी तीच वापरली. पण पहिली नक्कल डॉर्कसची. तिच्यात भाषणाचे शेवटचे शब्द आहेत, मी माझ्या हाताने लिहिलेले, आधी, समजायच्या आधी. ते मला आठवायला हवेत. पण इशाऱ्याचे शब्द आम्ही असे लिहितो की लक्ष त्यात नसते, ते कोणाच्या वाक्याचे शेपूट आहे हेही बघत नाही. बाकी कशाचीही शपथ घेईन, त्यांची नाही.

क्विलनबाई म्हणाल्या, डॉर्कस परत आली आहे, नदीपलीकडे कालवांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, गाडी लावते. हे विचारायला मी त्यांच्या घरी गेले होते. गेले होते तेव्हा त्यांना त्यांचे काय चुकले नव्हते तेही सांगितले. त्यांनी मला पाणी दिले आणि दार लावून घेतले.

थॉमसिन

लंडन, २ जून १६९२

लेटिस,

डॉर्कस भेटली. जाड झाली आहे, पुढचे दोन दात नाहीत, आवाज मात्र तोच, वरच्या सज्ज्यापर्यंत जाणारा. मला पाहून कालवे उघडायची सुरी वर धरली.

"ही आली बघा! माझे शब्द घेऊन आलीस का गं, येलंडीण?"

"तेच मागायला आले आहे," मी म्हटले.

"माझेच शब्द माझ्याकडेच? सात वर्षं झाली, मी अजून उभीच आहे तिथे. नवरा म्हणतो, झोपेत बोलतेस, 'बोला ना बाई, बोला ना' म्हणतेस." मग माझे तोंड बघून तिने सुरी खाली ठेवली. "काय झालं?"

मी सांगितले. गिऱ्हाईक आले की ती मला थांबवायची, कालव उघडून द्यायची, आणि म्हणायची, "हां, पुढे." सगळे ऐकून झाल्यावर हात पुसत म्हणाली, "मुलगी वर बसली होती? मुखवटा लावून?" मी हो म्हटले. "मग मी जाताना तिने मला पाहिलं असेल. तोंड वाकडं करून गेले होते गं मी. तुझा राग आला होता मला. तिला वाटलं असेल, आईचाच आला."

नक्कल तिच्याकडे होती. नट आपली नक्कल टाकत नाहीत, खरे तर ती नाटकघराची असते, पण कोण परत देतो. पेटीत जुन्या पायमोज्यांच्या आत गुंडाळून ठेवलेली. मी पैसे देऊ लागले तर म्हणाली, "कालवं घे हवी तर. हे विकायचं नाही." मग ती पट्टी स्वतःच माझ्या पिशवीत घातली.

त्याच दिवशी टेंचकडे गेले. त्याला सांगितले, त्या जागी काही लिहायचे नाही आणि नुसती शांतताही छापायची नाही. छापायचे असे: 'येथे आईचे भाषण होते. ते नक्कल करणाऱ्या थॉमसिन येलंड हिने वगळले, व ते आता उपलब्ध नाही.' आणि खाली नकलेत सापडलेले शब्द. तो डोके खाजवून म्हणाला, "बाई, पुस्तकात कोणी स्वतःची चोरी छापतं का?" मी म्हटले, नाहीतर मी दिलेल्या सगळ्या नकला परत द्या. शेवटी तयार झाला. जन्मवर्ष कळले नाही, ती जागा कोरी सोडली आहे. किस्सा मी दिला नाही. तुझ्या पदाचा तर नाहीच, तो तुझा आणि तिचा.

आता तुझे उत्तर. सगळे भाषण नाही, दीड पानाचे शेवटचे चार शब्द. पट्टी सोबत आहे, माझे अक्षर तुला ओळखू येईलच. पट्टीच्या शेवटापासून तीन बोटे वर बघ. आधी लांब रेघ आहे, म्हणजे आईचे बोलणे चालू आहे. रेघेनंतर तिचे शब्द:

———— हात दे, मग जा.

आणि त्याखाली मुलीचे काम. मला वाटले होते की तुझ्या आईने मुलीच्या तोंडी काहीतरी घातले असेल, माफी किंवा निदान 'आई' एवढा एक शब्द. लिहिणाऱ्याला ते सोपे असते, आणि ती आजारी होती, तिला ते हवेही असेल. तिने घातले नाही. तुझ्या वाटचे काही तिने लिहिले नाही. फक्त कंसात आहे: हात देते. बोलत नाही. जाते.

तू वरून जे पाहिलेस त्यात आईने हात पुढे केलाच नाही. क्विलनबाईंना ते माहीतच नव्हते, त्यांच्या नकलेत ते नव्हते.

तिने केला होता, लेटिस. मधे मी होते.

थॉमसिन येलंड